बोटाची किंमत

(भाईंदर पूर्व येथे कामगार व कार्यकर्ते यांच्या एका छोट्या मेळाव्यात केलेले भाषण, किरकोळ फेरफारांसह)



खरे म्हणजे आज येथे एखाद्या वकिलाला बोलवावयास हवे होते. मी आयुष्यभर महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकविले. न्यायालयाची पायरी चढलो ती निवृत्तीनंतर, आणि तीही स्वतःच्या कामासाठी नव्हे. तरीही मी निमंत्रण नाकारले नाही, याचे कारण असे की कामगाराला मिळणारी कायद्याची मदत हा विषय जितका वकिलांचा तितकाच अर्थशास्त्राचाही आहे, असे माझे मत होत गेले आहे. हे मत मला ग्रंथांनी दिले नाही. येथील एका पोराने दिले.

आमच्या इमारतीखाली कपड्यांना इस्त्री करणारे एक गृहस्थ आहेत. तीन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी ते आपल्या भाच्याला घेऊन माझ्याकडे आले. मुलगा पंचवीस वर्षांचा, उत्तर प्रदेशातून आलेला. बसल्यापासून त्याचा उजवा हात खिशात होता. मी पाणी पुढे केले तेव्हा त्याने ते डाव्या हाताने घेतले. मामा म्हणाले, ‘‘दिखा दे बेटा, मास्टरजी से क्या छुपाना.’’ उजव्या हाताची तर्जनी आणि मधले बोट मुळापासून गेलेले होते.

रेल्वेच्या पूर्वेला गोडदेव, नवघर, खारी या जुन्या गावांच्या आसऱ्याने जे गाळे उभे राहिले, त्यांतून स्टेनलेस स्टीलची भांडी होतात, हे आपणांस मी सांगावयास नको. आपल्यापैकी निम्मे लोक तेच काम करतात. पत्र्याच्या चकत्या कापावयाच्या, प्रेसवर त्यांना आकार द्यावयाचा, मग बफवर पॉलिश मारावयाचे. हा मुलगा प्रेसवर होता. गाळ्यात माणसे आठ. मजुरी नगावर, महिन्याकाठी सोळा हजारांच्या आसपास पडत. अपघाताला त्या वेळी आठ महिने होऊन गेले होते.

त्याच्याजवळ दोनच कागद होते. एक खाजगी दवाखान्याचा. त्यावर इजा कशी झाली या रकान्यात लिहिले होते : घरी दारात बोटे सापडली. दुसरा वीस हजार रुपये मिळाल्याचे व्हाउचर. तिसरा एक कागद मालकाकडे राहिला होता. तो कोरा होता, आणि त्यावर मुलाच्या डाव्या हाताचा अंगठा घेतलेला होता, कारण उजव्या हाताला पट्टी होती.

मी मालकाला भेटलो. तो काही नाटकातला खलनायक निघाला नाही. तरुणपणी स्वतः प्रेसवर बसलेला, गाळा भाड्याचा, माल बड्या व्यापाऱ्याने ठरविलेल्या दराने द्यावयाचा. त्याने मला अगदी मनापासून विचारले, ‘‘सर, दवाखान्याचं बिल मी भरलं. वर वीस हजार दिले. अजून मी काय करायला पाहिजे होतं?’’

या प्रश्नाचे उत्तर कायद्यात छापलेले आहे. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला एक परिशिष्ट जोडलेले आहे. ते मी प्रथम वाचले तेव्हा अंगावर काटा आला. दोन्ही हात गेले तर कमाईची शक्ती शंभर टक्के गेली असे समजावयाचे. अंगठा गेला तर तीस टक्के. तर्जनी पूर्ण गेली तर चौदा, मधले बोट बारा, अनामिका किंवा करंगळी सात. एका हाताची दोन बोटे गेली तर वीस टक्के. पुढचे गणित सोपे आहे. महिन्याच्या वेतनाचे साठ टक्के घ्यावयाचे आणि त्यांना वयानुसार ठरवून दिलेल्या आकड्याने गुणावयाचे. पंचविसाव्या वर्षी तो आकडा २१६.९१ आहे. वेतन कितीही असले तरी २०२० च्या अधिसूचनेप्रमाणे हिशेबात १५,००० रुपयेच धरावयाचे. म्हणजे ९,००० गुणिले २१६.९१, बरोबर १९,५२,१९०. आणि त्याचे वीस टक्के म्हणजे ३,९०,४३८ रुपये. शिवाय २००९ च्या दुरुस्तीनंतर उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकाने वेगळा सोसावयाचा. दवाखान्याचे बिल भरले म्हणजे भरपाई दिली, असे होत नाही. मालकाला हे ठाऊक नव्हते, यावर माझा विश्वास बसला. मुलाला तर ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता.

माणसाच्या बोटांचे असे दरपत्रक करणे मला प्रथम अमानुष वाटले. मग त्या वीस हजारांकडे पाहिले. कायद्याने ज्या दोन बोटांचे जवळजवळ चार लाख ठरविले, ती बाजारात त्याच्या विसाव्या हिश्शाने गेली. दरपत्रक नसते तर कदाचित तेवढ्यानेही गेली नसती.

आता अर्थशास्त्राकडे येतो. पिगू यांनी १९२० साली, आणि कॅप यांनी १९५० साली ‘खाजगी उद्योगाचा सामाजिक खर्च’ या विषयावरील आपल्या ग्रंथात, एक गोष्ट नीट मांडली आहे. कारखानदार उत्पादनाचा जो खर्च स्वतः न भरता दुसऱ्यावर ढकलू शकतो, तो त्याच्या हिशेबवहीत दिसत नाही. आणि जो वहीत दिसत नाही तो कमी करण्याची त्याला गरजही भासत नाही. मी हे चाळीस वर्षे शिकविले. परीक्षेत यावर हमखास प्रश्न येई आणि मुले दहा गुणांचे उत्तर लिहीत. त्यात धूर असे, नदीचे पाणी असे; बोटे कधी आली नाहीत. मीही कधी सांगितली नव्हती.

प्रेसला दोन हातांची बटणे बसवितात. दोन्ही तळवे बटणांवर असल्याखेरीज ठोका पडत नाही, म्हणून डायखाली बोट सापडत नाही. पण त्याने दर नगामागे क्षणभर उशीर होतो. मजुरी नगावर असली की तो क्षण कामगाराच्या खिशातून जातो. दर व्यापाऱ्याने बांधून दिला असला की मालकाच्याही खिशातून जातो. मग एक बटण पट्टी लावून कायमचे दाबून ठेवतात. ते कोणी दाबले, मालकाने की कामगाराने, यावर पुढे न्यायालयात वाद होतो. कामगाराने संरक्षक साधन जाणूनबुजून काढले असे मालकाने सिद्ध केले तर त्याची जबाबदारी टळते, अशी तरतूद त्या कायद्यात होती. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असेल तर मात्र तेवढ्यानेही टळत नसे. येथेही मालकाच्या वकिलाने हेच म्हटले. मला विचाराल तर ते बटण नगाच्या दराने दाबले होते. पण दराला न्यायालयात उभे करता येत नाही. जखमी कामगाराने आपला पूर्ण हक्क मागितला, आणि तो त्याला मिळू लागला, तरच बटण दाबून ठेवणे सुटे ठेवण्यापेक्षा महाग पडेल. तोवर सुरक्षा सप्ताहाची फलके लावून काही होणार नाही.

ही मागणी आजची नाही. १८८४ च्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज कारखाना आयोगापुढे ठेवला. त्यात पाच मागण्या होत्या. आठवड्याची सुट्टी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, कामाचे तास, पगाराची तारीख या चार बहुतेकांना आठवतात. पाचवी अशी होती की कामावर इजा झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि तो जन्माचा अपंग झाला तर त्याच्या निर्वाहाची सोय व्हावी. लोखंडे मूळचे कन्हेरसरचे, पण जन्मले ठाण्यात. आपल्याच जिल्ह्यातील ही मागणी आहे असे म्हटले तरी चालेल. रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली. पाचव्या मागणीसाठी कायदा व्हावयास १९२३ उजाडले, आणि तो अमलात आला १ जुलै १९२४ रोजी. चाळीस वर्षे गेली. तेव्हा केंद्रीय विधिमंडळात कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ना. म. जोशी होते. त्यापूर्वी १८५५ चा एक कायदा होता, पण तो मृत्यूपुरता, आणि त्यात मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागे. गिरणीत मेलेल्याच्या विधवेने गिरणीमालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावयाचा! १९२३ च्या कायद्याने हे ओझे उतरविले. दोष कोणाचा हे विचारावयाचेच नाही. कामामुळे आणि काम चालू असताना इजा झाली एवढे पुरे. यंत्रशक्तीवर उत्पादन चालणाऱ्या जागेत माणसे आठ आहेत की ऐंशी, हेही त्याने विचारले नाही.

मग अडते कोठे? माझा अनुभव असा की दावा न्यायालयात हरत नाही. तो पहिल्या दोन तासांत, दवाखान्याच्या दारात हरतो. जखमीला घेऊन जातो तो मालकाचा माणूस. इजा कशी झाली हे विचारले की उत्तर तोच देतो, आणि ते उत्तर कागदावर कायमचे चिकटते. सरकारी रुग्णालयात न नेता ओळखीच्या दवाखान्यात नेण्याचे कारणही बहुधा हेच असते. तेव्हा हे एवढे आज घरी घेऊन जा, सोबतच्या माणसांनाही सांगा : शुद्धीवर असाल तर स्वतः बोला. अमक्या गाळ्यात, अमक्या यंत्रावर, कामावर असताना, अमक्या वेळी, हे चार शब्द केसपेपरवर आले पाहिजेत. आपला माणूस बेशुद्ध असेल तर ते तुम्ही सांगा. यंत्राचे आणि जागेचे छायाचित्र त्याच दिवशी काढा. दुसऱ्या दिवशी बटण सुटे झालेले असते. हजेरीची चिठ्ठी, पगार खात्यात आल्याची नोंद, मुकादमाचा मोबाइलवरचा निरोप, काहीही फेकू नका. ज्याच्याकडे नेमणुकीचे पत्र नाही त्याची नोकरी अशाच तुकड्यांनी सिद्ध होते. ठेकेदाराचा माणूस असलात तरी मूळ मालक सुटत नाही.

आणि तो कोऱ्या कागदावरचा अंगठा? त्याची फार भीती बाळगू नका. ‘मला सर्व भरपाई मिळाली, माझी काही तक्रार नाही’ असे लिहून घेऊन कामगाराचा हक्क संपविणारा करार त्या कायद्याच्या सतराव्या कलमाने निरर्थक ठरविला होता. एकरकमी तडजोड आयुक्ताकडे नोंदवावी लागे. मृत्यू झाला असेल तर भरपाईची रक्कम आयुक्ताकडेच भरावयाची. परस्पर विधवेच्या हातात ठेवलेले पैसे, थोडी उचल वगळता, भरपाईत धरले जात नसत. ज्याने हे कलम लिहिले त्याला आपले मालक चांगले ठाऊक असले पाहिजेत.

ज्या ठिकाणी दहा किंवा अधिक माणसे आहेत तेथे रस्ता वेगळा आहे. तेथे राज्य विमा योजना लागू होते आणि दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्याला भरपाई मालकाऐवजी महामंडळ देते. या योजनेचा आराखडा १९४४ साली अर्थशास्त्राचेच एक प्राध्यापक, बी. पी. अडारकर, यांनी केला, तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते डॉ. आंबेडकरांकडे होते, कायदा १९४८ साली झाला. रोजचे सरासरी वेतन ५०० रुपये धरले तर त्याचे नव्वद टक्के ४५०, आणि दोन बोटांचे त्यातील वीस टक्के म्हणजे रोज ९० रुपये, हयातभर. एकरकमी पैशापेक्षा हे मला अधिक शहाणपणाचे वाटते. एकरकमी पैसा गावाकडे बहिणीच्या लग्नात जातो. पण मानेसर-फरिदाबाद भागात प्रेसवर बोटे गमावलेल्या कामगारांमध्ये ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था काम करते. तिला वर्षानुवर्षे असे आढळत आले आहे की अनेकांच्या विम्याची नोंद मालकाने अपघात झाल्यावरच केली. येथे काही वेगळे असेल असे मानण्यास मला आधार दिसत नाही. आपली नोंद झाली आहे का, हे आज विचारा. नोंद नसली तरी हक्क जात नाही. महामंडळ लाभ देऊन मालकाकडून वसुली करू शकते. फक्त मग झगडावे लागते.

आता वेळेविषयी. १९५७ च्या जुलैत बेस्टचा एक चालक जोगेश्वरी आगारातील पाळी संपवून बेस्टच्याच दुसऱ्या बसने सांताक्रूझला घरी निघाला होता. घोडबंदर रस्त्यावर इर्ला पुलाजवळ ती बस उभ्या लॉरीवर आदळली आणि काही दिवसांनी तो मरण पावला. हा अपघात कामाच्या ओघातलाच आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली दिला. त्याच्या पाच वर्षे आधी सौराष्ट्रातील मिठागराच्या मजुरांना मात्र न्यायालयाने नकार दिला होता. कामावरून परतताना खाडीत नाव उलटून ते बुडाले. पण नाव सार्वजनिक होती, म्हणून मालक जबाबदार नाही. आपण मिठागरांच्या आणि खाडीच्या काठी राहतो, म्हणून हा निकाल वाचताना मला अधिक लागला. घर ते काम या वाटेवरचा प्रश्न असा लोंबकळतच राहिला. राज्य विमा कायद्यात तो २०१० साली सुटला. आपल्या धाराशिव जिल्ह्यातील साखर कारखान्याचा एक रखवालदार २२ एप्रिल २००३ रोजी पहाटे तीनच्या पाळीला मोटारसायकलने जाताना वाटेत मेला. मागे पत्नी, चार मुले, म्हातारी आई. आयुक्ताने २००९ साली ३,२६,१४० रुपये मंजूर केले. उच्च न्यायालयाने २०११ साली ते रद्द केले. सर्वोच्च न्यायालयाने २९ जुलै २०२५ रोजी ते परत दिले आणि कामावर जाता-येतानाचा अपघात, काळ, स्थळ आणि नोकरी यांचा संबंध दिसत असेल तर, या कायद्यातही बसतो असे सांगितले. निकाल उत्तम आहे. पण तो यावयास बावीस वर्षे लागली. चार मुलांतले सर्वांत धाकटे तोवर कमावते झाले असेल. आणि हे त्या कायद्याखाली, ज्यात आयुक्ताने तीन महिन्यांत निकाल द्यावा असे २००९ पासून लिहिले होते!

भरपाई महिन्याभरात दिली नाही तर बारा टक्के व्याज, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर निम्म्यापर्यंत दंड, अशी सोय आहे. ही रक्कम अपघाताच्या दिवसापासून देय होते, निकालाच्या दिवसापासून नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७५ सालीच सांगितले. त्या दाव्यातील कामगार ओरिसातील एक सुतार होता. चित्रपटगृहाचे नक्षीकाम करताना पडून त्याचा डावा हात गेला. एक हात म्हणजे परिशिष्टाप्रमाणे काही टक्के, असे मालक म्हणत होता. एका हाताचा सुतार सुतारकाम करू शकत नाही, म्हणून शंभर टक्के, असे न्यायालयाने म्हटले.

पण हे सर्व मागावयास माणूस टिकला पाहिजे. भाईंदरहून ठाण्याच्या कामगार न्यायालयात लोकलने जावयाचे तर आधी उलटे दादरला जाऊन गाडी बदलावयाची. नाहीतर घोडबंदर रस्त्याने बस, आणि तो रस्ता आपणांस ठाऊक आहे. तारीख म्हणजे दिवसाची मजुरी. तीन तारखांत एक वेळ प्रकरण पुकारले जाते. वकील मिळालेल्या रकमेत हिस्सा मागतो. अशा हिशेबाने वीस हजारांत गप्प बसणारा कामगार मूर्ख नसतो. हातात आहे त्या माहितीवर त्याचा हिशेब बरोबरच असतो.

हा हिशेब बदलण्यासाठीच राज्यघटनेत ३९-अ हे कलम आले. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीविषयी चांगले बोलावे असे फारसे काही नाही. हे कलम अपवाद. त्यावरून १९८७ चा विधी सेवा कायदा झाला आणि तो १९९५ पासून अमलात आहे. त्याच्या बाराव्या कलमात मोफत वकील कोणाला मिळावा याची यादी आहे. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमाती, अपंग, आणि औद्योगिक कामगार. उत्पन्नाची अट या कोणालाही नाही. ही एक ओळ मी गेल्या तीन वर्षांत जितक्या कामगारांना सांगितली, त्यांपैकी एकालाही आधी ठाऊक नव्हती. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण ठाण्याला आहे. दूरध्वनीवर १५१०० हा क्रमांक आहे. मिळालेला वकील तरुण असेल, कामाने गांजलेला असेल. त्याच्यामागे कागद घेऊन लागावे लागते, हेही सांगतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राने चार श्रमसंहिता लागू केल्या. भरपाई आणि विमा या दोन्ही गोष्टी आता सामाजिक सुरक्षा संहितेत गेल्या. दोष न पाहता भरपाई हे तत्त्व तिने ठेवले, जाता-येतानाचा अपघातही घेतला. हे मान्य केले पाहिजे. पण सुरक्षेची जी वेगळी संहिता आहे तिच्यात यंत्रशक्तीवरील कारखाना म्हणजे वीस माणसांचा. १९४८ च्या मूळ कायद्यात तो दहाचा होता. आपले गाळे बहुतेक या दोन आकड्यांच्या मधले. म्हणजे बोट गेल्यावर भरपाई, आणि बोट राहावे म्हणून प्रेस तपासण्याचा कारखान्याचा कायदा मात्र दाराबाहेर. अशा ठिकाणी भरपाईचा दावा हाच काय तो निरीक्षक उरतो.

करावयाचे काय? मुंबईत १९८८ पासून ऑक्युपेशनल हेल्थ अँड सेफ्टी सेंटर या गटाने शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातील डॉक्टरांच्या साहाय्याने एक वाट पाडली. कापसाच्या धुळीने छाती गेलेले, यंत्रांच्या आवाजाने बहिरे झालेले कामगार तपासावयाचे, निदान कागदावर आणावयाचे आणि त्यावर भरपाई मागावयाची. डॉक्टर, युनियन आणि दावा एका ठिकाणी आले. आवाजाने आलेला बहिरेपणा कायद्याच्या रोगांच्या यादीत आहे. बफवर दहा वर्षे काढलेल्यांनी आपला कान एकदा तपासून घ्यावा. माझी सूचना लहान आहे. टेंभा येथील पंडित भीमसेन जोशी रुग्णालयात अपघात विभागाजवळ विधी सेवा प्राधिकरणाचे एक टेबल आणि एक माणूस असावा. त्याने फक्त एवढेच विचारावे : कामावर लागले का, कोठे, आणि तुम्ही स्वतः सांगता आहात ना? तसा अर्ज आम्ही तयार केला आहे. त्यावर आज सह्या घ्यावयाच्या आहेत.

त्या मुलाचे काय झाले, असे आपण विचाराल. दावा दाखल झाला. जुन्या कायद्यात दोन वर्षांची मुदत होती, तीत तो बसला. मालकाने बोटे घरी तुटली असे म्हटले; मग उलटतपासणीत त्याच्याच माणसाच्या तोंडून प्रेसचा उल्लेख आला. युक्तिवाद अजून व्हावयाचा आहे. मुलगा आता मामाबरोबर इस्त्री करतो. डाव्या हाताने कॉलर बसवावयास शिकला आहे. पुढची तारीख मंगळवारची आहे. मी त्याच्याबरोबर जाणार आहे. आपल्यापैकी कोणाची प्रकरणे ठाण्यात असतील त्यांनी सकाळी साडेसातला बसथांब्यावर यावे. येताना केसपेपर आणि पगाराचे जे काही चिठोरे असतील ते पिशवीत घालून आणा. वाटेत वाचून होतात.